वाढीव वेळ

—कडी लागली का? खालची, खालची. वरची नुसती शोभेला आहे. हां, आता तिथंच भिंतीला टेकून उभा राहा आणि हातपाय हलवू नकोस, तुझ्या डाव्या हाताला बाटल्या आहेत. दिवा घालवते. — झालं. मिट्ट. तू काय नवा आहेस का या डार्करूमच्या अंधाराला, काड्या? अर्धं लहानपण इथं काढलंत तुम्ही दोघांनी, तू आणि माझा मुंगळा. शाळेतून आलात की दप्तरं बाहेर आणि तुम्ही आत. ह्यांच्या दोन बाजूंना दोघं. आणि हे आपले अंधारात बोलतच राहायचे — पोरं घाबरतात म्हणायचे गप्प बसलं की. आता हे नाहीत, तर मी बोलते. पाटी फिरवलीये बाहेरची, दुपारचं बंद म्हणून, कोणी येणार नाही. घाबरतोयस कशाला? श्वास ऐकू येतोय तुझा, म्हणून म्हटलं.

तर काय म्हणालास तू मघाशी? काकू, हा त्याचा शेवटचा रोल, माझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात राहिला होता, परवा बॅग झटकताना सापडला. वर्षानं. बरं. सापडतात वस्तू, आमच्या घरात काय काय सापडतं — ह्यांचा चष्मा मला हे गेल्यावर पिठाच्या डब्यामागं सापडला, मरेपर्यंत शोधत होते बिचारे. कुठं गेला तो ओपनर — हा बघ. बाटलीचं बूच काढायचा ओपनर, यानंच उचकटायचं डबीचं झाकण, तुला माहीतच आहे. पण गंमत सांगू का, मुंगळ्याच्या रोलला मला हा कधी लागलाच नाही. कारण तो रोल संपला की पूर्ण आत गुंडाळायचाच नाही. टोक बाहेर ठेवायचा, जिभेएवढं, आणि त्याला दात मारायचा. कचकन. म्हणजे भरलेला रोल कुठला आणि कोरा कुठला ते खिशात हात घातला तरी कळावं. म्हणून तर ह्यांनी नाव ठेवलं मुंगळा. प्रत्येक रोलच्या टोकाला त्याच्या दाताची खूण — मी अंधारात बोट फिरवायची आणि म्हणायची, आलं आमचं रत्न. आणि तू? तू पहिल्यापासून सगळं आत गुंडाळणारा. नीटनेटका. हा रोल सगळा आत आहे, काड्या. टोक नाही, दात नाही. — नाही, नाही, मी काही म्हणत नाहीये. घाईत असेल. त्या दिवशी घाई असेल.

थांब, आता रिळावर चढवते, बोलताना चुकलं की दोन वेटोळी चिकटतात आणि मग तेवढे फोटो गेले. — हं. — चढतेय. — आता यावर काय असेल ते असेल, पण हाताला फिल्म ओळखीची वाटते बघ, सगळ्या सारख्याच असल्या तरी. — चढली. डब्यात गेली. झाकण फिरवलं. लावते दिवा, डोळे मीट.

अरे! घामानं भिजलायस की. एवढं काही उकडत नाहीये. बस त्या खुर्चीवर. पाणी? बरं, राहू दे.

आता दुसरं तुझं वाक्य. म्हणालास — फिल्म चारशेची आहे काकू, पण सोळाशेवर मारलीये, दोन स्टॉप पुश करा. अगदी गिऱ्हाइकासारखं म्हणालास. आणि मी मनात म्हटलं, हे कोण सांगतंय? मुंगळा आणि पुश? आमच्या घरात भांडणं व्हायची त्यावरून, तू साक्षीदार आहेस. हे म्हणायचे, उजेड नाही म्हणून फोटो सोडतो तो फोटोग्राफर कसला, कॅमेऱ्याला थाप मार, सांग त्याला की फिल्म सोळाशेची आहे, तो थोडक्या उजेडात भागवेल, मग घरी आणून डेव्हलपरमध्ये जास्त वेळ शिजव, आहे काय त्यात! आणि हा त्यांच्यापुढं हात जोडून उभा. नाही म्हणायचा, बाबा, जे फिल्मवर पडलंच नाही ते शिजवून कुठून येणार? उजळ असेल ते आणखी उजळ होईल, सावलीत असेल ते मेलं ते मेलंच. बरोबरच होतं त्याचं. मी इतकी वर्षं हेच करतेय, मी सांगते — लहानपणी उपाशी राहिलेल्या पोराला पुढं कितीही खाऊ घाला, अंग भरतं, पण उंची वाढत नाही. पुशचं तसं आहे. चेहरे येतात, दाणेदार, खरबरीत, पण येतात. भोवतालचा अंधार मात्र तसाच. हा आपला उजेडाची वाट बघत बसायचा. आभाळ मोकळं होईना तर तिपाई लावून बघायचा, नाहीतर कॅमेरा बंद करून घरी. उपाशी राहील पण उजेड उसना घेणार नाही. पुश करायचास तू. ह्यांचा खरा चेला तू.

ओततेय डेव्हलपर. घड्याळ इकडं कर, तो गजर साध्या वेळेला लावून ठेवलाय मी. हो, साध्या वेळेला, चारशेच्या. मग पुढं वाढवता येतं की. आधीच ओतून टाकलं तर मात्र परत घालता येत नाही. — ठक ठक. बुडबुडे निघायला पाहिजेत. आता मधूनमधून एकदा उलटा, एकदा सुलटा, बस. हे काम माणसाला वेडं करतं किंवा शांत करतं. मला काय केलं ते तू ठरव.

तुझी लांबची लेन्स कशी आहे रे आता? चालते ना नीट? बुरशी धरली होती तिला, कडी घट्ट झाली होती, फिरता फिरेना. मी साफ केली, आठवतं? कधी आणून दिली होतीस? सांगते मी. तो जायच्या आधी. तो गेला तेव्हा ती लेन्स या कपाटात होती, या मधल्या फळीवर, तुझ्या नावाची चिठ्ठी लावून. सगळे येऊन भेटून गेले, घर रिकामं झालं, तेव्हा तू आलास आणि घेऊन गेलास. मी कागदात गुंडाळून दिली. दिली की नाही? आणि पोलिसांना तू काय सांगितलं होतंस? माझ्यासमोरच सांगितलंस, मी तिथंच बसले होते, हातात कोणीतरी दिलेला चहा तसाच. म्हणालास — मी वर होतो, खाणीच्या टेकाडावर, ती अर्धी बुडालेली क्रेन लांबच्या लेन्सनं घेत होतो. तो खाली पाण्याच्या काठाला. ओरडल्याचा आवाज आला. मी उतरेपर्यंत सगळं संपलं होतं. — लांबच्या लेन्सनं. आणि लांबची लेन्स माझ्या कपाटात.

बस खाली. बस म्हणते ना. दाराची कडी घट्ट आहे, आणि मी डबा हातातून सोडणार नाही. बस.

मी कोणाला काही बोलले नाही. वर्षभर नाही. का, सांगू? कारण त्या दिवशी तुझे कपडे भिजलेले मी पाहिले होते. छातीपर्यंत ओला होतास. दात वाजत होते तुझे. म्हणजे पाण्यात उतरला होतास, एवढं खरं. मग मी मनाशी म्हटलं, पोरगं घाबरलं असेल, काहीतरी बोलून गेलं असेल, भेदरलेल्या माणसाच्या तोंडचा शब्द काय धरून बसायचा. आणि दगडखाणीतलं पाणी काही तळ्यासारखं नसतं, काठ सरळ कापलेला, शेवाळ, धरायला काही नाही. त्यात याच्या गळ्यात कॅमेरा. कॅमेऱ्यासकट वर काढला त्याला. त्या कॅमेऱ्यातला रोल मी धुवून पाहिला, माहितीये तुला? नाही, कुणालाच नाही माहीत. लगदा झाला होता. हाताला नुसता चिकटला. पण टोक — टोक बाहेर नव्हतं अर्थात, रोल अजून संपला नव्हता. मग मी त्याचं दात मारलेलं एखादं टोक शोधलं. घरभर शोधलं, कचऱ्यात शोधलं. इथं, या टेबलाच्या फटीत एका जुन्या रोलचं टोक सापडलं, कधीतरी मीच कापून टाकलेलं. त्यावर दाताची खूण आहे. ते डबीत ठेवलंय मी. हसशील, पण आहे. — तू हसणार नाहीस म्हणा. तू कसा हसशील.

उलटा. सुलटा.

हा रोल तुझा आहे, काड्या.

एवढं तरी मान हलव. — हं. हलवलीस. बरं झालं. माझा अर्धा राग तिथंच गेला, खरं सांगते. मी ठरवलं होतं, आज तुला अंधारात कोंडून असं सोलून काढायचं, असं की तुला पळता भुई थोडी व्हावी. वर्षभर घोकलं होतं काय काय बोलायचं ते. कारण मला माहीत होतं, तू येणार. आज ना उद्या येणारच. दुसरीकडं कुठं धुवायला देणार नाहीस. तुला स्वतःला धुता येतो, माझ्याहून चांगला धुशील, पण धुतला नाहीस. नाल्यात टाकता आला असता, टाकला नाहीस. एकट्याला बघवेना आणि न बघता राहवेना — म्हणून खोटं बोललास, पण आणलास माझ्याकडंच. हातात तरी मीच धरावा असं वाटलं असेल. तुझी आई असती तर तिच्याकडं गेला असतास. ती नाही, तर मी.

ह्यांचं वाक्य आठवतं? आधी दाब, मग बघ. तुम्ही दोघं किती नक्कल करायचात त्याची! पोट पुढं काढून, चष्मा नाकावर ओढून — आधी दाब, मग बघ! मी हसून हसून बेजार. बघत बसलास तर वेळ गेली, बोट आधी चाललं पाहिजे. शिकवलं ते बरोबरच शिकवलं, लग्नाच्या घाईगर्दीसाठी, सभेसाठी, धावणाऱ्या पोरांसाठी. पाण्यात पडलेल्या माणसासाठी नव्हतं ते. पण बोटाला कोण सांगणार? कॅमेरा डोळ्याला लागला की माणूस तिथं नसतोच, मी ह्यांच्याबरोबर संसार केलाय, मला सांगू नकोस. घरात पडदा पेटला तेव्हा ह्यांनी आधी फोटो काढला होता. मी पाणी ओतत होते आणि हे म्हणतात, जरा बाजूला हो. सांगितलंय की तुम्हाला हे हजारदा. हसण्यावारी नेलं तेव्हा.

—वाजला.

ही साधी वेळ झाली, काड्या. ऐक नीट, माझा हात झाकणावर आहे. आता हे ओतून टाकलं तर रोलवर काही म्हणता काही दिसणार नाही. एक फिक्कट डाग, कुठं काठ, कुठं पाणी. कोण आहे, किती जवळ आहे, काहीच नाही. तू घरी जाशील, आणि मी म्हणेन, उजेडच नव्हता. कायमचं मिटेल. आणि नाही ओतलं, वाढीव वेळ ठेवलं, तर चेहरा येईल. तुला माहीत आहे येईल. सोळाशेला मारलंयस म्हणजे मोजून मारलंयस. सांग. ओतू? — अरे सांग ना! एकदा तरी तोंड उघड. एकदाच म्हण, काकू ओता, मी ओतते. तुझी शपथ, ओतते. —

ओता म्हणत नाहीस.

मग शिजू दे.

उलटा. — नको, तू नको धरूस, मीच उलटते. आता खरं सांगू का तुला, हे सांगायचं नव्हतं मला. मी ओतलं नसतंच. तू हो म्हणाला असतास तरी खोटी शपथ घेतली असती मी तुझी. मघाशी तू दारात रोल पुढं केलास ना, आणि मला कळलं हा तुझा आहे, त्याचा नाही, म्हणजे यावर तो असेल — तेव्हा तोंड जळो माझं, पण आधी मला बरं वाटलं. बरं! कारण त्याचा फोटोच नाही रे आमच्याकडं. फोटोवाल्याचं घर, भिंती भरल्यात, गावच्या लोकांची तोंडं आहेत इथं, आणि त्याचा शेवटचा फोटो शाळेतला, पुढचे दात पडलेला. पुढं तो नेहमी कॅमेऱ्यामागं. मी म्हणायची, एक काढून घे की तुझा. म्हणायचा, उजेड चांगला असेल तेव्हा. — चेहरा विसरत चाललेय मी. हे कोणाला सांगितलं नाही. कान कसे होते आठवतात, आवाज आठवतो, सगळं एकत्र येत नाही. रात्रभर जुळवत बसते आणि शाळेतला तो दात पडलेला पोरगाच येतो समोर. मोठा नाही येत. मला मोठा बघायचाय. कसाही. मरत असला तरी.

बघू नकोस असं माझ्याकडं. मला माहितीये मी काय बोलले.

झालं. ओतून टाकते. — आता हे आंबट पाणी, डेव्हलपर थांबवायला. — आता फिक्सर. आता उजेडाला भ्यायचं कारण नाही. फिक्सर घातल्यावर जे आहे ते आहे, कोणाच्या बापाला बदलता येत नाही. तेवढ्यात नाक पूस तू, तो टॉवेल घे, तो नको, त्याला फिक्सर लागलाय, तो दुसरा. — रड. मी काही तुला गप्प करणार नाही. मी करायची तेव्हा त्यालाही करायची आणि तुलाही करायची, दोघांना एकाच पदरानं. आता माझ्यात ते उरलं नाही.

उघडते.

अजून पाणी निथळतंय, थांब. दिव्यासमोर धरू दे. मला निगेटिव्ह वाचता येतं, काळ्याचं पांढरं माझं मनातच होतं. — क्रेन. क्रेन. पुन्हा क्रेन. हा बघ, काठावर पाठमोरा मुंगळा, तिपाई उघडतोय. उजेड गेल्यावर तिपाई लावणारा, पुश नाही करणार. हा पुढचा हलला. हा — पाण्यातलं वर्तुळ नुसतं. आणि हा —

—

आला रे.

आला. मोठा. दाढी वाढली होती नाही का, हो, दाढी केली नव्हती त्यानं, मी सकाळी ओरडले होते त्यावरून. हा कान. ही भुवई, मधे तुटलेली, लहानपणी पडला होता पायरीवर — तूच ढकललं होतंस. ओला होऊन केस असे चिकटलेत. अगं बाई. आला.

चेहरा केवढा आलाय बघ, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा, आणि तुझ्याकडं तर साधीच लेन्स होती. इथं बसल्यासारखा. आणि मागच्या काठाची रेघ त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आहे — म्हणजे कॅमेरा खाली होता. तू गुडघ्यावर बसला होतास, काड्या. हात द्यायला बसलास ना? त्यासाठीच बसलास. मग कॅमेरा मधे कसा आला? — राहू दे. डोळे स्वच्छ आहेत. एकेक पापणी मोजता येईल. त्या उजेडात, लेन्स पूर्ण उघडी असताना, हे आपोआप होत नाही. लेन्सची कडी फिरवून फोकस बसवावा लागतो. बसवलास. हे असते तर पाठ थोपटली असती तुझी.

आणि हे खाली कोपऱ्यात काय आहे? धूसर, मोठं. मला वाटलं बोट आलं तुझं लेन्सपुढं. — बोटं आहेत. पाच. तुझी नाहीत. एवढी जवळ आहेत की फोकसमध्येच आली नाहीत.

पुढच्यात नुसतं पाणी. पुढं कोरं. कोरं. शेवटपर्यंत कोरं. तेव्हा ठेवलास खाली कॅमेरा. तेव्हा उतरलास.

लावते टांगायला. खाली चिमटा दे तो — नको, तू नको हात लावूस, मी घेते. संध्याकाळपर्यंत वाळेल. मग याची मोठी प्रिंट काढणार मी, भिंतीवर त्या शाळेतल्याच्या शेजारी. चेहरा तेवढा घेईन. हात कापावा लागेल, बघणाऱ्याला कळायचं नाही काय ते. कापलेली पट्टी ठेवीन तुझ्यासाठी पाकिटात. येऊन घेऊन जा. तो हात तुझ्याकडंच पुढं केलेला आहे.

काही बोलू नकोस. वर्षभर बोलला नाहीस, आता काय बोलतोस. जा. कडी खालची. — आणि दार हळू लाव, धूळ उडते, तो ओला आहे अजून.